बोर्डावरची घोंगडी

भोंगा वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिंचोक्याच्या खळीत होते, आणि केतकी डोहाच्या कडेच्या काळ्या खडकावर बसली होती.

एक भोंगा. मी कुंचा खाली ठेवला. दुसरा. तिसरा. तीन लांब भोंगे म्हणजे धरणाचं दार उघडणार आणि कोरड्या नदीत पाणी येणार. पण दवंडी परवाची होती. उन्हाळ्याचं पाणी परवा सुटणार असं गावात ओरडून सांगितलं होतं. त्या भरवशावर मी सकाळीच चार घोंगड्यांचा ताणा वाळूत पसरला होता.

"ए पोरी, पळ! वर पळ!" मी ओरडले.

ओरडले आणि जीभ चावली. दोन महिन्यांत जे केलं नव्हतं ते नेमकं त्या घडीला केलं. केतकीनं कानांवर हात दाबले, गुडघ्यांत मान घातली आणि ती बसल्या बसल्या खडकाच्या पलीकडच्या टोकाला सरकली. त्या टोकाखाली डोह होता. चैत्रातही त्यात दोन पुरुष पाणी असायचं.

केतकी ही धरणाची दारं चालवणाऱ्या दळवी ऑपरेटरची मुलगी. नऊ वर्षांची. त्यांची कॉलनी नदीच्या वर, काठाला लागूनच. आम्ही सणगर, घोंगड्या विणणारे. मालक वारल्यावर माग मीच चालवत होते. विणण्याआधी ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावून वाळवावी लागते. त्याला लांबच लांब मोकळी जागा लागते, म्हणून उन्हाळ्यात मी नदीच्या वाळूत उतरायची. काठाचा चढ सुरू होतो तिथं सरकारनं दोन लोखंडी खांबांवर पत्र्याचा एक बोर्ड उभा केला होता. त्या खांबाला ताण्याचं एक टोक बांधायचं, वाळूत ठोकलेल्या मेखेला दुसरं, आणि बोर्डावर ओली घोंगडी वाळत टाकायची. इतकी सोयीची जागा नदीभर दुसरी नव्हती.

केतकी पहिल्या दिवशी आली तेव्हा मी म्हटलं, "पोरी, ताण्यातनं जाऊ नको." ती सरळ ताण्यातून चालत गेली. पंचवीसेक धागे तुटले. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि लांब बसून बघत राहिली.

मला एकटीनं काम करताना बडबडायची सवय. "आता हा कुंचा कुठं मेला म्हणावं," असं काहीतरी मी बोलले असेन. थोड्या वेळानं कुंचा माझ्या गुडघ्याशी. केतकी भलतीकडंच बघत होती. मला तेव्हा फार काही उमगलं असं नाही. पण सांगितलं की बिघडतं आणि न सांगितलं की होतं, एवढं बघून मी तिला काहीच सांगायचं सोडून दिलं. ती मला 'घोंगडी' म्हणून हाक मारायची. आत्या नाही, मावशी नाही. घोंगडी.

तिची एकच खोड मला जाच करायची. बोर्डावर टाकलेली घोंगडी ती ओढून खाली पाडायची. मी झटकून परत टाकायची, ती परत ओढायची. दिवसातून चार-चार वेळा. तोंडानं एक शब्द नाही. शेवटी मी कंटाळून घोंगडीची टोकं सुतळीनं खांबांना आवळून टाकली. त्या दिवशीही ती तशीच आवळलेली होती.

तिची आई, शैलावहिनी, एकदा पाण्याची घागर घेऊन जाताना वरच्या वाटेवर माझ्याजवळ टेकल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्याजवळ कशी हो गप बसते? घरी सँडल घाल म्हटलं तर दोन तास जातात. अंघोळीला तर अख्खी कॉलनी गोळा होते. बरं, तिला येत नाही असंही नाही. आपण म्हटलं की संपलं. जसं काही आपण तिच्या गळ्याला दोर लावतोय." शाळेतून तिला घरी पाठवलं होतं. दोन वर्षांत एक अक्षर गिरवलं नाही, हिला अक्षरओळख होणार नाही, असं मास्तर म्हणाले होते. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, लाड फार. दळवी साहेबांनी एकदा हात उचलून बघितला होता. त्यानंतर ती चार दिवस जेवली नव्हती.

भोंगा थांबला तशा वहिनी चढावरून धावत खाली आल्या. मागं कॉलनीचा वॉचमन निवृत्ती.

"केतकी! चल बाळा! पाणी येतंय!"

केतकी हातभर मागं सरकली.

"केतू, चल ना गं. बर्फाचा गोळा देते. दोन देते. तुला माझी शपथ आहे!"

आणखी हातभर.

"शपथा काय घालताय वहिनी," निवृत्ती म्हणाला. "उचलायची आन् चालायचं. एवढीशी तर हाय."

"निवृत्ती, नको—" असं मी म्हणेपर्यंत तो खडकावर चढलासुद्धा. त्यानं दंड धरला. केतकी किंचाळली, त्याच्या मनगटाला कडकडून चावली, आणि हिसडा मारला तशी तिची कमरेखालची बाजू डोहावर लोंबली. निवृत्तीनं हात सोडून दिले आणि तो उलट्या पावलांनी मागं आला. केतकी नखांनी खडक धरून कशीबशी वर सरकली.

"पोरगी हाय का मांजर!" तो मनगट दाबत म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. पुन्हा कुणी जवळ गेलं तर ती पाण्यात जाणार, हे आम्हा तिघांनाही दिसलं.

मी ताण्याकडं वळले आणि मेखेची गाठ सोडायला बसले. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हात चालू असले की माझी बडबड आपोआप सुरू होते. "गाठ बी बघा कशी बसलीय. भिजल्यावर आणखी आवळंल. काय एकेक." खळीनं बोटं बुळबुळीत झाली होती. गाठ सुटेना. तिरक्या नजरेनं बघितलं तर केतकीनं मान वर काढली होती. मग ती उभी राहिली. त्या खडकावरून अलीकडच्या खडकावर आली. एक पाऊल. दोन पावलं.

"शाब्बास!" निवृत्ती ओरडला. "आता कसं! वाघीण माझी! ये, ये, अशीच ये!"

केतकी जागीच थांबली. मग वळली, होती तिथं परत गेली, आणि ह्या वेळी पाय डोहात सोडून बसली.

बिचाऱ्यानं कौतुकच केलं होतं. पण चांगलं बोलणंसुद्धा तिला ढकलल्यासारखं लागायचं.

वहिनी त्याच्यावर फिरल्या. "तुम्ही जा! सायकल काढा आणि धरणावर जा. साहेबांना म्हणावं दार बंद करा, केतकी नदीत आहे."

"जातो की. पण सगळा चढ हाय वहिनी. अर्धा तास तरी लागंल."

"आणि पाणी इथं यायला?"

"तेवढाच लागत असंल. जास्तीच. मला तरी काय म्हाईत, मी दिवाळीत आलोय हितं."

तो गेला. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मलाही ठाऊक नव्हतं. भोंगा झाला की आम्ही वर निघून जायचो. पाणी कधी पोचतंय ते बघायला कोण थांबतंय? वरच्या वळणाकडं बघितलं. नुसती तापलेली वाळू आणि दोन टिटव्या. त्या टिटव्याही एकाएकी उडाल्या.

"वहिनी, तुम्ही चढावर जावा," मी म्हटलं. "बोर्डाच्या मागं. तिकडं तोंड करून हुभ्या ऱ्हावा."

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच. तुम्ही गप हुभ्या ऱ्हायला तरी तिला तुमचं 'चल चल' ऐकू येतंय."

"आणि पाणी आलं तर?"

"मी हाय की हितं."

"तुम्हाला मुलं आहेत का, मावशी?"

"न्हाईत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. तेवढ्यात जर त्या म्हणाल्या असत्या, मग तुम्हाला काय कळणार, तर मी काही बोलू शकले नसते. पण त्या वळल्या. चढून बोर्डाच्या मागं गेल्या, पाठ केली, आणि पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

मी मेखेची गाठ तशीच टाकली. खडकापासून दहा-बारा हातांवर वाळूत बसले, केतकीकडं पाठ करून. बसताना गुडघा कडकन वाजला. पन्नाशी उलटली होती. त्या गुडघ्यावर मला पळता येणार नाही हे मला बसतानाच माहीत होतं.

काय बोलायचं ठरवून आले नव्हते. जे पोटात होतं तेच तोंडात आलं.

"मला भ्या वाटतंय," मी वाळूला म्हटलं. "लई भ्या वाटतंय. किती वेळात पाणी येतंय, काय कळायला मार्ग न्हाई."

मागून पाय पाण्यात हलवल्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा.

"निवृत्ती म्हणतो अर्धा तास. त्याला तरी काय म्हाईत."

चुबुक चुबुक थांबलं.

"वीस मिनिटं," केतकी म्हणाली.

मी पटकन मान वळवली. "कुणी सांगितलं तुला?"

गप्प. विचारलेला प्रश्न म्हणजेही दोरच की. मी मान परत पुढं केली, ओठ आवळले. वरच्या वळणावर आता मला बारीक घरघर ऐकू येत होती, की कानातच वाजत होतं, कोण जाणे. मी एक मूठ वाळू घेतली आणि बोटांतून सोडली. दुसरी घेतली. ती पण सोडली. बोलावंसं वाटत होतं आणि एक शब्द बोलायची छाती होत नव्हती.

"लिहिलंय," ती म्हणाली.

मी गप्प.

"बोर्डावर लिहिलंय. भोंगा वाजल्यापासून वीस मिनिटं. तू रोज झाकतेस."

समोर चढाच्या पायथ्याशी तो बोर्ड होता, आणि त्याच्यावर माझी घोंगडी, चारही टोकं सुतळीनं आवळलेली. दोन उन्हाळे मी त्या खांबाला ताणा बांधत आले होते. बोर्डावर सरकारचं किंवा कुणा पुढाऱ्याचं नाव असणार असं धरून चालले होते. धोक्याच्या बोर्डाला मी माझं काम बांधलं होतं. आणि ही पोर रोज ते उघडत होती, मी रोज झाकत होते.

"मला अक्षर येत न्हाई गं," मी म्हटलं. हे मी तिला वर आणायला म्हटलं नाही. खरंच दुसरं काही सुचलं नाही.

"एकपण?"

"एक बी न्हाई."

बराच वेळ गेला असं मला वाटलं. मग खडकावर ओल्या पायांचा आवाज आला. चप, चप. ती माझ्या शेजारून पुढं गेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग तुला कळणारच नाही ना. सोडायला पाहिजे ते."

ती पुढं आणि मी मागं. गुडघा धरून मी उठले. पुढं व्हायचं नाही, फार मागंही राहायचं नाही. ताण्याला धक्का लागू नये म्हणून ती त्याच्या कडेकडेनं चालली होती. पहिल्या दिवशी ज्यातून ती चालत गेली तोच ताणा, आता पाण्यात जाणार हे नक्की, आणि ती एकेक पाऊल जपून टाकत होती. 'अगं तुडव, जाऊ दे' असं माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. घरघर आता कानातली नव्हती. वरच्या वळणावरची लव्हाळी हलत होती. वारा नव्हता.

अर्ध्या वाटेत तिचे सँडल होते. रोज ती ते हातात घेऊन यायची आणि वाळूत एकमेकांना चिकटवून ठेवायची. ती तिथं थांबली. खाली बसली. पायाची वाळू झाडली. आणि सँडल घालायला लागली.

त्या सँडलना बारीक बक्कल होते.

घरी ज्याला दोन तास लागायचे ते ती आपणहून, कुणी न सांगता करत होती, आणि मला तिच्या बखोटीला धरून फरफटत न्यावंसं वाटत होतं. उजव्या पायाचा पट्टा भोकात बसला. डाव्याचा बसेना. तिनं तो काढला, सरळ केला, पुन्हा घातला. वर बोर्डाच्या मागं वहिनींची पाठ दिसत होती. त्यांना सँडल दिसत नव्हते. त्यांना फक्त ऐकू येत होतं, आणि जे ऐकू येत होतं ते पाणी होतं. पण त्या वळल्या नाहीत. आजही कुणी मला विचारलं की आईची माया म्हणजे काय, तर मला ती न वळलेली पाठ आठवते.

डाव्याचा पट्टा बसला. केतकी उठली.

बोर्डापाशी पोचल्यावर तिनं घोंगडी ओढली. येईना. सुतळीच्या गाठी. ती माझ्याकडं बघायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. मी दातांनी एक गाठ सोडली, दुसरी सोडली. खळीनं माखलेली बोटं सुतळीवरून घसरत होती. तिसरी गाठ सुटल्यावर घोंगडी एका बाजूला लोंबली आणि बोर्ड उघडा पडला. पिवळ्यावर काळी अक्षरं.

केतकीनं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"सावधान," ती वाचायला लागली. मोठ्यानं, एकाच सुरात, दवंडीवाल्यासारखं. "या धरणातून नदीपात्रात केव्हाही पाणी सोडले जाते. भोंगा वाजल्यापासून वीस मिनिटांत पाणी येथे पोहोचते. नदीपात्रात उतरू नये, जनावरे सोडू नयेत, कपडे वाळत घालू नयेत."

"घोंगडी पण कपडाच आहे," तिनं मला समजावून सांगितलं.

वहिनी वळून बोर्डाच्या कडेनं पुढच्या बाजूला आल्या होत्या. पदराचा बोळा अजून हातात होता. त्या पोरीला घट्ट धरायला एक पाऊल पुढं आल्या आणि मी मान हलवली, नको. त्या थांबल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या बोर्डाकडं बघत होत्या. मग अगदी हळू, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या, "माझा चष्मा घरी राहिला. खालची बारीक ओळ मला इथून काही दिसत नाही."

केतकी वाकली.

"हुकमावरून," तिनं वाचलं.

त्याच वेळी वळणावरून पाणी आलं. आधी पुढं पळणारा गढूळ फेस, काटक्या, पालापाचोळा, आणि मागून रुंद, आवाज करत येणारं पाणी. काळा खडक बघता बघता दिसेनासा झाला. माझा ताणा एकदा वर उचलला गेला, सगळे धागे उन्हात चमकले, आणि मेख उपटून निघून गेला. खांबाला बांधलेलं टोक तेवढं फडफडत राहिलं. पाणी खांबाच्या बुडाला लागलं तसं केतकी म्हणाली, "माझे सँडल भिजतील," आणि चढ चढून घरी गेली.

आम्ही दोघी तिथंच बसलो. निवृत्ती धरणावर पोचला तेव्हा दार उघडून बराच वेळ झाला होता. दळवी साहेब जीपमधून आले, उतरले, आम्हा दोघींकडं बघितलं आणि विचारायचं धाडस न होऊन तसेच उभे राहिले. वहिनींनी वर घराकडं बोट केलं तेव्हा ते रस्त्यातच मटकन खाली बसले. दोन दिवस आधीच पाणी सोडायचा हुकूम वरून आला होता; भोंगा त्यांनीच वाजवला होता, दारही त्यांनीच उघडलं होतं.

मी वहिनींना म्हटलं, "बोर्ड मी झाकला होता."

लोंबणाऱ्या घोंगडीची शेवटची गाठ त्यांनी स्वतः सोडली आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला येत होतं. आमच्यातलं कुणी दोन उन्हाळ्यांत खाली उतरून बघितलं?" आणि मग, जणू आत्ता कुठं ध्यानात आलं, "वाचते हो ती, मावशी. वाचते."

पाणी ओसरल्यावर मी नवा ताणा वरच्या माळावर बाभळींना बांधायला लागले. केतकी तिथं आली. उरलेल्या खळीत तिनं बोट बुडवलं आणि एका सपाट दगडावर काहीतरी काढलं. मला म्हणाली, "हा स." दगड उन्हानं तापलेला, अक्षर लगेच वाळून चकाकायला लागलं. मी बोट बुडवून त्याच्याखाली तसंच काढायला गेले. "वाकडा आलाय," ती म्हणाली. "असू दे." तिनं मला कधी गिरव म्हटलं नाही, पाठ कर म्हटलं नाही. मी चुकले तर ती नुसतं शेजारी पुन्हा काढायची. माझं नाव हौसा, पण मला पहिल्यांदा लिहिता आलं ते 'सावधान'. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली होईपर्यंत मी बोर्डावरची शेवटची ओळसुद्धा वाचायला शिकले होते.

पुढं पुण्यात एका डॉक्टरांनी वहिनींना तिच्या वागण्याचं नाव सांगितलं. स्वमग्न मुलांत काहींचं असं असतं म्हणे, की रोजच्या साध्या सांगण्याचीसुद्धा त्यांना भीती वाटते, हट्ट नसतो तो. वहिनींनी पत्रात लिहिलं होतं, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नुसती घाबरले होते, आणि तसं बोलून दाखवलं होतं.

आता मी ऐंशीला आले. माग मोडला, बोर्डही गेला, नवा आला. केतकी चाळिशीची आहे. एका ग्रंथालयात काम करते, आणि मनात आलं की मला पत्र लिहिते. कधी महिन्यात दोन, कधी वर्षभर काही नाही. मी उत्तरात 'पत्र पाठव' असं कधी लिहीत नाही. एवढंच लिहिते, की परवा पोस्टमन आला होता, शेजारच्यांचं टपाल देऊन गेला, माझ्या दारात काही थांबला नाही.



मग ती लिहिते.